पुढची एक वीत

'द कलर ऑफ मनी' या 1986 च्या चित्रपटात पॉल न्यूमनचा मुरलेला एडी टॉम क्रूझच्या उमद्या पोराला एक क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, देतो. तो बालाबुश्का या कारागिराचा आहे हे कळताच पोरगा हरखून जातो. पूल खेळणाऱ्या अमेरिकेत या नावाला जी प्रतिष्ठा होती, ती फार थोड्या नावांच्या वाट्याला आली. पण पडद्यावर दिसतो तो क्यू बालाबुश्काचा नाही. इतकी मोलाची वस्तू चित्रीकरणाच्या धबडग्यात वापरायला कोण धजावणार? म्हणून मेरिलँडमधल्या 'जॉस' या कंपनीचा, दिसायला त्याच वळणाचा क्यू वापरला गेला. प्रेक्षकांना फरक कळला नाही. टेबलावरच्या बॉलला तरी तो कळला असता का?

महागडा क्यू घ्यायला निघालेल्या प्रत्येकापुढे शेवटी हाच प्रश्न असतो. अमेरिकेत सरळ, टिकाऊ, दोन तुकड्यांचा क्यू शंभर-दीडशे डॉलरला मिळतो. तिथून किंमत चढत जाते ती हाताने क्यू घडवणाऱ्या नामवंत कारागिरांपाशी हजारोंच्या घरात पोचते. या चढणीवर कुठे थांबायचं हे ठरवायला दुकानदाराचा सल्ला फारसा कामाचा नाही. क्यूचा कुठला भाग काय काम करतो, हे आधी समजून घ्यावं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: किंमत बहुतेक मागच्या भागाची असते, आणि बॉलचं काय होणार ते पुढच्या वीतभर भागात ठरतं.

क्यूचे मुख्य भाग दोन. पुढचा निमुळता शाफ्ट आणि मागचा जाड बट. दोन्ही मध्यावर स्क्रूने जोडले जातात, तो जॉइंट. शाफ्टच्या टोकाला फेरूल नावाची छोटी पांढरी टोपी आणि तिच्यावर चामड्याची टिप. पूलचा क्यू साधारण 58 इंच लांब आणि 18 ते 21 औंस वजनाचा, म्हणजे 510 ते 600 ग्रॅमचा असतो. टिपची रुंदी 12 ते 13 मिलिमीटर. शाफ्ट परंपरेने उत्तर अमेरिकेतल्या कठीण मेपलचा. बटमध्ये मात्र आबनूस, शिसवी, कोकोबोलो, डोळ्याडोळ्यांचा मेपल, असं कारागिराला रुचेल आणि गिऱ्हाइकाला परवडेल ते काहीही.

टिप बॉलला भिडते आणि सुटते, यात जेमतेम एक मिलिसेकंद जातो. एवढ्या वेळात बाजूच्या धक्क्याची बातमी क्यूभर पसरतच नाही. टोक बाजूला ढकललं गेलं की तो हादरा लाकडातून मागे सरकायला लागतो, पण साधारण वीतभर अंतर कापेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. त्यामुळे बॉलला आडवा ढकलण्याचं जे काही घडतं, त्यात भाग घेते ती फक्त ही पुढची वीत. बटवर किती जडावकाम आहे, जॉइंट पोलादाचा आहे की फेनॉलिक प्लास्टिकचा, याने इथे फरक पडत नाही; हादरा तिथपर्यंत पोचेस्तोवर निकाल लागून गेलेला असतो.

हे 'आडवा ढकलणं' म्हणजे काय, ते जरा सावकाश पाहू, कारण महाग शाफ्टची सगळी जाहिरात यावरच चालते. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो क्यूच्या रेषेत सरळ जातो. फिरकी द्यायला आपण त्याला, समजा, उजव्या बाजूला मारतो. बॉल फिरायला लागतो, फिरता फिरता टिपला उजवीकडे लोटतो, आणि त्याची परतफेड म्हणून स्वतः थोडा डावीकडे सरकतो. म्हणजे नेम जिथे धरला तिथून बॉल किंचित डावीकडे निघतो. खेळाडू याला डिफ्लेक्शन म्हणतात. शाफ्टचं टोक जितकं जड, तितकं ते बाजूला लोटायला कठीण, आणि तितका बॉलचा कोन मोठा. साध्या मेपल शाफ्टने कडेला जोरदार फिरकी दिली तर हा कोन सुमारे 2 अंशांचा होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लक्ष्य दीड मीटरवर असेल तर 2 अंश म्हणजे 5 सेंटिमीटरची चूक, आणि पूलचा बॉल आहे 57 मिलिमीटरचा. जवळजवळ अख्ख्या बॉलाइतका नेम चुकतो. क्यूची मागची बाजू थोडी उचललेली असतेच, त्यामुळे फिरकीचा बॉल कापडावर वळत वळत काहीसा परतही येतो. तो किती परतेल हे वेगावर, कापडावर आणि अंतरावर अवलंबून. हे सगळे हिशेब चांगला खेळाडू वर्षानुवर्षांच्या सवयीने डोळ्यांनीच करतो.

बिलियर्ड्सचं गणित शास्त्रज्ञांनी फार आधीपासून मांडलं आहे. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांच्या दिशेसाठी ज्याचं नाव येतं त्या फ्रेंच कोरिऑलिसने 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या काळात कोलोराडोतले यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांनी या विषयावर चिकाटीने प्रयोग केले. शाफ्टवर वेगवेगळ्या अंतरांवर जादा वजन लावून किती डिफ्लेक्शन होतं हे मोजलं. टिपजवळ लावलेल्या वजनाने कोन ठळक वाढतो, आणि वीतभर मागे गेलं की त्याच वजनाचा परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो.

हे कळल्यावर क्यू बनवणाऱ्यांनी टोक हलकं करायला घेतलं. फ्लोरिडात 1990 च्या दशकात सुरू झालेल्या प्रेडेटर कंपनीने लाकडाच्या दहा पाचरी गोलाकार जोडून शाफ्ट बनवला, त्याचं पुढचं टोक आतून पोकळ ठेवलं, फेरूल छोटं आणि हलकं केलं. मोजमापासाठी 'आयर्न विली' नावाचा यांत्रिक हात वापरला, कारण माणूस दोनदा एकसारखा फटका मारू शकत नाही. आज जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचा असा शाफ्ट आहे. याच प्रेडेटरने 2016 मध्ये रेव्हो हा कार्बन फायबरचा शाफ्ट आणला आणि काही वर्षांत स्पर्धांमधले कित्येक व्यावसायिक काळ्या शाफ्टने खेळू लागले.

असा लाकडी शाफ्ट दोन-तीनशे डॉलरला पडतो, कार्बनचा पाचशेच्या आसपास. बऱ्याचदा तो एकटा शाफ्ट साध्या अख्ख्या क्यूपेक्षा महाग असतो. हा पैसा वाया जात नाही, कारण तो त्या पुढच्या वीतभरात खर्च होतो. पण त्याच्याकडून जे मिळत नाही त्याचीच अपेक्षा लोक करतात. हलक्या टोकाने डिफ्लेक्शन कमी होतं, नाहीसं होत नाही. फिरकी जास्त मिळते हे तर खरंच नाही. फिरकी ठरते ती टिप बॉलच्या मध्यापासून किती लांब लागली यावर. होतं असं की नव्या शाफ्टने नेम कमी चुकतो म्हणून खेळाडू बिनधास्त आणखी कडेला मारतो, फिरकी वाढलेली दिसते, आणि श्रेय शाफ्टला जातं. जो अजून फिरकीशिवायच खेळतो, त्याला या शाफ्टचा उपयोग शून्याच्या जवळ. जो वीस वर्षं साध्या मेपलवर खेळला आहे त्याचा हिशेब उलट आहे. त्याच्या डोळ्यात जुन्या डिफ्लेक्शनचं गणित भिनलेलं असतं, आणि नव्या शाफ्टवर सरळ सोपे बॉलही काही महिने चुकतात. मधल्या पायरीवरचा, फिरकी शिकायला लागलेला खेळाडू या खरेदीचा खरा धनी.

आता टिप. क्यूचा हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि बॉलला प्रत्यक्ष शिवणारा एकमेव. 19व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रांस्वा मँगॉ या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने चामड्याची टिप रुजवली आणि त्यानंतरच हा खेळ फिरकीचा झाला. त्याआधी कडेला मारलं की लाकूड सटकायचं. आज एल्क मास्टरसारखी साधी एकसंध टिप अगदी किरकोळ किमतीला येते, तर मूरी किंवा कामुई यांच्यासारखी, डुकराच्या कातड्याचे पदर एकावर एक चिकटवून केलेली जपानी टिप तिच्या कितीतरी पट महाग असते. तरीही ती क्यूच्या किमतीपुढे नगण्यच. पदरांची टिप आकार जास्त दिवस धरून ठेवते आणि पसरत नाही, एवढा तिचा खरा गुण. कडक टिपने बॉल किंचित वेगाने सुटतो, मऊ टिपने फटक्याचा आवाज दबका येतो. फिरकी दोन्हींनी सारखीच, टिप नीट घुमटाकार असेल आणि तिने खडू धरला असेल तर. एखाद्या पूल पार्लरमधला क्यू 'टाकाऊ' वाटतो तेव्हा दहात आठ वेळा दोष टिपचा असतो. ती चपटी होऊन काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. नव्या क्यूला पैसे काढण्याआधी जुन्याला चांगली टिप बसवून महिनाभर खेळून बघावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग बटमध्ये हजारो डॉलर जातात कशात? कामात, आणि ते काम पाहण्याजोगं असतं. चांगला कारागीर लाकडाचा दांडा एका बैठकीत खरादत नाही. लेथवर थोडासा उतरवतो आणि महिनोन्महिने टांगून ठेवतो. लाकडातला ताण मोकळा होतो, दांडा थोडा वाकतो, तो पुन्हा थोडा उतरवतो, पुन्हा टांगतो. यात जे दांडे हट्टाने वाकतच राहतात ते बाद होतात. गिऱ्हाईक त्या बाद दांड्यांचे पैसेही देत असतं, आणि ते योग्यच आहे. क्यू दहा वर्षांनी सरळ राहील की नाही, हे या टांगून ठेवण्यावर ठरतं.

बटवरच्या लांब टोकदार नक्षीला पॉइंट्स म्हणतात. तिथे भिंग धरून बघण्यासारखं बरंच असतं. जुन्या पद्धतीत मेपलच्या दांड्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडतात, तीत रंगीत लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवतात आणि मग गडद लाकूड बसवून सगळं गोल खरादतात. खाच आणि पाचर एका रेघेला मिळत गेल्यामुळे अशा पॉइंटचं टोक सुईसारखं अणकुचीदार निघतं. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने नक्षी कोरली तर कोरणारं पातं स्वतः गोल असतं, म्हणून टोकं आणि कोपरे किंचित बोथट, गोलसर राहतात. काही कारागीर ते नंतर हाताने धारदार करतात. तिसरा प्रकार छापील चित्राचा. भिंगातून त्याचे ठिपके दिसतात, आणि लाकडाच्या रेषा नक्षीच्या हद्दीवर तुटण्याऐवजी तिच्याखालून सरळ पुढे जातात. चारही किंवा सहाही पॉइंट एकाच उंचीवर संपतात का, रंगीत पट्ट्या सगळीकडे एकाच जाडीच्या आहेत का, हे क्यू हळूहळू फिरवून बघावं. त्यांची उंची कमीजास्त असेल तर एक तर काम घाईचं आहे, किंवा दांडा नंतर वाकला आणि तो सरळ करायला एका बाजूने जास्त खरादला गेला. दोन्हीही किंमत पाडून मागायची कारणं आहेत.

शाफ्टवर लाकडाच्या रेषा टोकापासून जॉइंटपर्यंत समांतर धावायला हव्यात. मध्येच बाजूला निसटणारी रेष म्हणजे पुढे वाकण्याची शक्यता. जॉइंट घट्ट करून सांध्यावरून नख फिरवावं, कंगोरा लागता कामा नये. मग क्यू टेबलावर गडगडवतात. तसा जरूर गडगडवावा, पण शाफ्ट वेगळा, बट वेगळा आणि जोडलेला, असा तीनदा. सरळ असूनही काही बट घडणीतल्या बारीक फरकांमुळे डुलत चालतात, तेवढ्यावरून क्यू परत करू नये. शाफ्ट घरंगळताना त्याच्याखालून उजेडाची फट उघडमीट करत असेल, तर मात्र तो तिथेच ठेवावा. शेवटी बटचं बूड जमिनीवर हलकेच आपटून कान द्यावा. खडखड किंवा बारीक झणझण ऐकू आली तर आत कुठेतरी गोंद सुटलेला आहे.

वजन आणि तोल यांचा परिणाम डिफ्लेक्शनवर नाही तरी हातावर होतो, आणि हात बॉलपर्यंत पोचतो. म्हणून बट निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या हाताला 19 औंस मानवतो की 20, तोल पुढे हवा की मागे, मुठीखाली आयरिश लिननचा दोरा हवा की चामडं की नुसतं लाकूड, हे ज्याने त्याने ठरवायचं. फक्त हे सगळं दीडशे डॉलरच्या क्यूमध्येही निवडता येतं. फटक्याचा 'फील' म्हणून ज्याची तारीफ होते, त्यात आवाजाचा वाटा फार मोठा असतो. आणि हाताला जी थरथर जाणवते तीसुद्धा बॉल सुटून गेल्यावरची असते.

बालाबुश्काकडे परत येतो, कारण महाग क्यूची दुसरी, वेगळी किंमत तिथे दिसते. जॉर्ज बालाबुश्का 1912 मध्ये रशियात जन्मले, 1924 मध्ये अमेरिकेत आले, न्यूयॉर्कमध्ये सुतारकाम करत राहिले आणि 1959 मध्ये क्यू बनवायला लागले. 1975 मध्ये ते वारले. एवढ्या काळात त्यांच्या हातून हजार-बाराशे क्यू घडले असावेत असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांच्या कित्येक क्यूंच्या बटचं लाकूड आलं कुठून, तर ब्रन्सविक कंपनीच्या 'टायटलिस्ट' क्यूंमधून. हे एकसंध क्यू पूल हॉलच्या भिंतीला लावलेले असायचे, आल्यागेल्याने खेळायचे. त्यांतलं लाकूड मुरलेलं होतं आणि मेपल नि गडद लाकूड एकमेकांत बोटांसारखं गुंतवलेलं होतं. बालाबुश्का ते मध्ये कापत, जॉइंट बसवत, पुन्हा खरादत. आज संग्राहक ज्यासाठी हजारो डॉलर मोजतात, त्या क्यूच्या पोटात हॉलमधला सार्वजनिक क्यू आहे. मला यात त्यांचं मोठेपण दिसतं. चांगलं लाकूड कुठे वाया चाललं आहे ते त्यांनी ओळखलं.

ही किंमत नावाची, दुर्मीळपणाची, इतिहासाची असते आणि तिचे नियमही वेगळे आहेत. नामवंत कारागिराचा क्यू बऱ्याचदा किंमत टिकवतो. कारखान्यातला क्यू दुकानाबाहेर पडला की उतरतो. पण नकली माल भरपूर आहे, शिवाय जपानच्या अॅडम कंपनीने परवाना घेऊन बालाबुश्का नावाचे क्यू कायदेशीरपणे विकले आहेत. त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नये. क्यूत हस्तिदंत असेल तर भानगड मोठी. आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1989 च्या निर्णयाने बंद झाला, अमेरिकेने 2016 मध्ये देशांतर्गत विक्रीवरही कडक निर्बंध आणले आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार बंदच आहे. ब्राझिली शिसवीवर 1992 पासून अशीच आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. जुना क्यू परदेशातून आणणाऱ्याने हे आधी तपासावं. क्यू कस्टम्समध्ये अडकला की त्यातलं जडावकाम कितीही सुंदर असलं तरी उपयोगाचं नाही.

आपल्याकडे परंपरा बिलियर्ड्स आणि स्नूकरची. भारताला या टेबलावरचं पहिलं जागतिक विजेतेपद 1958 मध्ये मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले होते. स्नूकरवरून पूलकडे वळणारे आपले खेळाडू बरेचदा जुना अॅश लाकडाचा, 9-10 मिलिमीटर टिपचा क्यूच वापरतात. पूलचा बॉल मोठा आणि जड असल्याने, विशेषतः ब्रेकला, त्या नाजूक टोकाचे हाल होतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं आणि पीळ घेतं, म्हणून इथे कार्बनच्या शाफ्टचा एक फायदा आहे जो कोरड्या ॲरिझोनातल्या खेळाडूला फारसा जाणवणार नाही: तो हवेने वाकत नाही. लाकडी क्यू असेल तर भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत विसरू नये.

किमतीच्या दबावाखाली हात आणि कान कसे फसतात, यावर व्हायोलिनच्या जगात एक सुंदर प्रयोग झाला आहे. 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला 21 वादकांना काळे चष्मे घालून मंद उजेडाच्या खोलीत सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, त्यांत दोन स्ट्राडिवारी. सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिवारीला. ती वादक मंडळी कसलेली होती, कान तयार होते. किंमत माहीत नव्हती, एवढाच काय तो फरक.

क्यूच्या बाबतीत हा प्रयोग आपल्याला सहज करता येतो. महाग क्यू आणि स्वस्त क्यू, दोन्ही शक्यतो एकाच वजनाचे घ्यावेत. बटवर कापड गुंडाळून मित्राला मागून हातात द्यायला सांगावं. आधी लांबून मधोमध मारून पांढरा बॉल जागीच थांबवायचा प्रयत्न करावा, मग तेवढ्याच अंतरावर कडेची फिरकी देऊन, आणि मग हलक्या हाताने बॉल मागे खेचून. पुन्हा पुन्हा, क्यूंचा क्रम बदलत. डिफ्लेक्शनचा फरक असेल तर तो दुसऱ्या फटक्यात उघड दिसेल. महागडा क्यू दर वेळी ओळखता आला आणि त्याने बॉल जास्त पडले, तर पैसे मोजायला माझी हरकत नाही. ओळखता आला नाही तरी त्यावरचं सुतारकाम आवडलं म्हणून घेतला, तर तेही मला पटतं, फक्त मग तो डोळ्यांसाठी घेतला हे घेणाऱ्याला माहीत असावं. परीक्षा सुरू करण्याआधी मात्र दोन्ही क्यूंना एकाच जातीची, एकाच आकाराची नवी टिप बसवून घ्या, नाहीतर तुलना क्यूंची न होता टिपांची होईल.